जोडावरचा नंबर

नथ्थू मिस्तरीला नव्या पद्धतीतून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. महिन्याला सहा हजारांची वाढ. 'प्रॉडक्शन इनचार्ज' अशी पाटी. वर्कशॉपच्या कोपऱ्यात काचेची केबिन आणि केबिनमध्ये कूलर. या सगळ्याहून मोठी एक गोष्ट होती, ती मात्र त्याने बायकोजवळसुद्धा बोलून दाखवली नव्हती: हातातला वेल्डिंगचा होल्डर कायमचा खाली ठेवायची मुभा. वय चोपन्न. एकतीस वर्षं उकिडवं बसून लोखंड जोडल्यावर गुडघ्यांची अशी गत झाली होती, की उठताना तो आधी आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते बघायचा आणि मग अँगलला धरून उठायचा.

बदल्यात द्यायचं काय? संध्याकाळी नंबर मोजायचे आणि फळ्यावर लिहायचे. एवढंच. सौदा इतका चांगला असला की दुसऱ्या बाजूला कोण बसलंय ते माणसाने बघून घ्यावं. नथ्थूने केबिनचं माप घेतलं.

वर्कशॉप ब्राह्मणपुरीच्या अलीकडे, शहादा रस्त्याला लागून. ललित पाटलाच्या वडलांच्या काळात तिथे फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या आणि केळीच्या बागेतल्या हातगाड्या व्हायच्या. ऑर्डर तोंडी, माप भिंतीवर खडूने, आणि भिंत रंगवली की माप गेलं. वडील गेल्यावर ललितने हातात घेतलं. ललित शिकलेला, गुजर घरातला, बोलायला गोड आणि मनाने वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला तसं वाटण्याचे प्रसंग येतील. त्याने एका साखर कारखान्याची चाळीस ट्रॉल्यांची ऑर्डर आणली. गाळप हंगाम सुरू व्हायच्या आत निम्म्या द्यायच्या, बाकीच्या नंतर. कारखान्याची अट एकच, पण कडक: प्रत्येक जोडावर तो कुणी मारला त्याचा नंबर हवा. तुटला तर माणूस सापडला पाहिजे.

ललितने कर्ज काढून वेल्डिंगची चार सीओटू मशीन आणली. त्यांच्यात रॉड बदलावा लागत नाही, वायर आपोआप येत राहते. ट्रॉलीचा सांगाडा बसवायला लोखंडी साचा बनवून घेतला, म्हणजे दर वेळी सूत धरायला नको. भिंतीवर फळी ठोकून तिच्यावर हातोडीच्या जागी हातोडीचं आणि पान्याच्या जागी पान्याचं चित्र रंगवलं. नाशिकहून धीरज नावाचा सल्लागार महिन्याला दोन दिवस येऊ लागला. तो प्रत्येक गोष्टीचा फोटो काढायचा, झाडूचासुद्धा. पण खरं ते खरं. नऊ दिवसांत होणारी ट्रॉली चार दिवसांत होऊ लागली. हातोडी शोधण्यात जाणारा दिवसाचा पाऊण तास वाचला. नथ्थू आधी हसला होता, नंतर आपली हातोडी स्वतःच चित्राच्या जागी टांगू लागला.

वेल्डर चार, चौघेही धडगावच्या वरच्या एकाच पाड्यातले. एक नंबर खात्या, दोन पवन, तीन गोवाल, चार उखा. वर्कशॉपमागच्या पत्र्याच्या खोलीत राहायचे. उखाची बायको कमलीबाई सगळ्यांचा स्वयंपाक करायची. उखा साठीला टेकलेला. बाकी तिघांना होल्डर धरायला त्यानेच शिकवलेलं, तिघे त्याला बाबा म्हणायचे. त्यांतला गोवाल असा तयार झाला, की त्याचा टाका, म्हणजे जोडावरची वितळलेल्या लोखंडाची रेघ, बघायला शहाद्याहून दुसरे मिस्तरी यायचे आणि परत जाऊन आपल्या पोरांना रागवायचे.

प्रत्येकाला आपल्या नंबराचा पोलादी पंच, म्हणजे ठसा, मिळाला. जोड थंड झाला की शेजारी आपला नंबर ठोकायचा. ठरलेल्या आकड्याच्या वर जितके जोड, तितका वरचा पैसा.

पहिल्या आठवड्यात फळ्यावर असं दिसलं: गोवाल दोनशे बारा, खात्या एकशे साठ, पवन एकशे पंचावन्न, उखा अठ्ठ्याऐंशी. ललितने उखाच्या आकड्याखाली लाल रेघ मारली. उखाला वाचता येत नव्हतं, पण लाल रंग त्याला कळत होता.

तिसऱ्या आठवड्यात चौघेही दीडशेच्या आसपास आले. चौथ्यातही तेच. धीरजने फळ्याचा फोटो काढला, लॅपटॉपवर त्याची चित्रं केली आणि म्हणाला, "सर, तफावतच गेली! माणसं एकमेकांचं बघून सुधारली." हा फोटो त्याने आपल्या सगळ्या ग्रुपवर टाकला. ललितने नथ्थूच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, केबिनचं काम उद्यापासून सुरू करतो."

नथ्थूला हे पचलं नाही. एकतीस वर्षांत त्याने माणसं सुधारताना पाहिली होती, बिघडताना त्याहून जास्त पाहिली होती. पण साठीच्या माणसाचे अठ्ठ्याऐंशीचे दीडशे होताना पाहिले नव्हते. एका दुपारी तो जेवायला घरी निघाला, चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परतला. बघतो तर चौघांचे पंच रंगाच्या एका रिकाम्या डब्यात पडलेले, आणि खात्या हाताला लागेल तो उचलून ओळीने जोडांवर ठोकतोय.

"हाई काय करी ऱ्हायनात रे?"

खात्याचा हात थांबला. उत्तर गोवालने दिलं. घरी तो पावरी बोलायचा, मिस्तरीशी बाजारात शिकलेली अहिराणी.

"नंबर मारी ऱ्हायनूत, मिस्तरी."

"कोना?"

"बठ्ठासना. चारी जनसना."

"अरे, ज्याना जोड त्याना नंबर! हाई तं लहान पोऱ्यालेबी समजस."

गोवालने वेल्डिंगची काळी काच कपाळावर सरकवली. "आमना पाडावर लाह ऱ्हास, मिस्तरी. कोन्हं घर उभं करनं ऱ्हायनं तं बठ्ठा येतस. धट्टाकट्टा खांब उचलस, म्हतारा दोरी धरस. जेवाले बठनात का कोनी ईचारस का, तुनी कितला खांब उचलात?"

"हाई घर नही. कारखाना शे."

"जेवतस तं एकच चुल्हावर."

पवन हसला. नथ्थूलाही हसू येत होतं, त्याने ते मिशीत दाबलं. उखा मात्र पाठ फिरवून ग्राइंडर पुसत होता, पुसलेलाच पुन्हा पुसत होता. त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. डावाही फार शहाणा राहिला नव्हता. जुन्या मशीनवर तो कानाने काम करायचा. रॉड नीट जळत असला की एक आवाज, जोड आत शिरत नसला की दुसरा, आणि त्या दोन आवाजांतला फरक त्याच्याइतका कुणाला कळत नव्हता. नव्या मशीनने तो कान काढून घेतला. तिचा आवाज कढईत भजी तळल्यासारखा, त्याला तरी चांगल्या टाक्याला आणि वाईटाला सारखाच वाटायचा.

नथ्थूने उभ्या उभ्या हिशेब केला. सांगितलं तर उखा जातो. उखा गेला तर हे तिघे एका दिवसाचीही वाट न बघता डोंगर चढतात. ऑर्डर बुडते, केबिनच्या काचा दुकानातच राहतात. न सांगितलं तर? तर काहीच होत नाही. जोड तितकेच पडतात, ट्रॉल्या तितक्याच निघतात, फळा छान दिसतो. म्हाताऱ्याकडे बाजूच्या पट्ट्या, फळ्यांचे कोन असली हलकी कामं असतात. वजन पेलणारी दांडी, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायचा पुढचा भाग, गोवाल कुणाला हात लावू देत नाही.

"डबा झाकी ठेवा," नथ्थू म्हणाला. "शेठ दखी."

चष्मा न घेताच तो परत गेला.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गोवालची आत्या वारली. दोन दिवसांची सुट्टी हवी होती. त्याच आठवड्यात कारखान्याचा माणूस कागद बघायला येणार होता, आणि हजेरीत खाडा दिसायला नको होता. नथ्थूनेच तोड काढली. "तू जाय. हजेरी मी लावसू."

जाताना गोवाल साच्याजवळ थांबला. सात नंबरच्या ट्रॉलीचा सांगाडा त्यात बसवून ठेवला होता. "दांडी ऱ्हाऊ द्या, मिस्तरी. मी ईसन करसू."

बुधवारी दुपारी ललित केबिनमध्ये आला. केबिन तोवर झाली होती, फक्त कूलरला पाण्याची जोडणी राहिली होती. "काका, सात नंबर आज साच्यातून बाहेर पाहिजे. मागच्या अडल्यात."

नथ्थूने 'दांडी उद्या' असं म्हणायला तोंड उघडलं. मग आठवलं, गोवाल तर हजर आहे. कागदावर. हजर असलेल्या माणसाने दांडी का मारली नाही, हे शेठ विचारणारच. तो बाहेर आला. खात्या आणि पवन वरच्या पिंजऱ्यावर चढलेले होते. खाली उखा होता.

"उखाभाऊ, जमी का?"

"जमी," उखा म्हणाला. चाळीस वर्षं होल्डर धरलेला माणूस दुसरं काय म्हणणार? टाका वरून सुरेख पडला, खवल्यासारखा. उखाने त्याच्यावरून अंगठा फिरवला, डब्यात चाचपून तीन नंबरचा पंच काढला आणि ठोकला. दांडी गोवालची असते, आणि गोवाल नाही म्हणून त्याच्या वाट्याला काही पडू नये, हे बरोबर नाही, असं त्याचं साधं गणित होतं.

नोव्हेंबरअखेर, सकाळी अकराच्या सुमारास, सात नंबरची ट्रॉली ऊस भरून धानोऱ्याच्या बाजूने येत होती. पाटचारीच्या चढावर दांडीचा जोड उघडला. ट्रॉली मागे सुटली. मागून पडलेली उसाची टिपरं गोळा करत गजराबाई चालत होती. ऊसतोडीला आलेली, अक्कलकुव्याच्या डोंगरातली. वय तीसच्या आत. तिचा डावा पाय चाकाखाली गेला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली काढला.

कारखान्याचे दोघे जण तुटलेला तुकडा गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. केबिनमधल्या टेबलावर ललितसमोर उघडला. तीन आकडा स्वच्छ दिसत होता. ललितने त्या ट्रॉलीचं कार्ड काढलं, तारीख काढली, हजेरी काढली. तिन्ही जुळली.

"चार मिनिटांत माणूस सापडला," त्यातला एक जण म्हणाला. "यासाठीच अट घातली होती आम्ही."

ललितचा चेहरा पांढरा पडला होता. तरी त्याने मान हलवली, आणि त्या हलण्यात थोडा अभिमान होता. नथ्थूला तो दिसला. त्याने ललितला दोष दिला नाही. पद्धत नीट चालली होती. तिला जे सांगितलं होतं, ते तिने बरोबर परत सांगितलं होतं.

नथ्थूने तुकडा हातात घेतला. वरून टाका देखणा. आत लोखंडी चॅनेलची कड कापली तेव्हा होती तशीच सरळ, चकचकीत. लोखंडाला लोखंड लागलंच नव्हतं. आणि टाक्याच्या शेवटी डावीकडे वळलेली बारीक शेपटी. टाका संपवताना असा हात फक्त उखा उचलायचा.

गोवालला बोलावलं.

"हा तुझाच ना?" ललितने विचारलं.

गोवालने तुकडा फिरवला. शेपटीवर त्याचा अंगठा थांबला. तो नथ्थूकडे बघेल असं नथ्थूला वाटलं. त्याने बघितलं नाही.

"तीन नंबर शे."

"म्हणजे तुझाच."

"तीन नंबर मन्हा शे, शेठ."

इथे नथ्थूला बोलायला जागा होती. जागा चांगली ऐसपैस होती. त्याने गोवालच्या हातून तुकडा घेतला आणि परत गोणपाटात गुंडाळला. कूलर चालू होता. शेवटी कारखान्याचा माणूस म्हणाला, की याला आजच काढा, दिलेल्या बावीस ट्रॉल्यांवरचे तीन नंबरचे सगळे जोड तपासून द्या, मग पुढच्या अठरांचं बघू. ललितने गोवालचे चढलेले अठरा दिवसांचे पैसे दवाखान्याच्या खर्चात धरले. गोवालने काच टेबलावर ठेवली आणि बाहेर गेला.

घरी रंजनाबाईने ताट वाढलं आणि समोर बसली. "काय व्हयनं?"

"काही नही."

"तुमना तोंडवर काय लिखेल शे ते दखाले माले फळा लागत नही."

नथ्थू भाकरी मोडत राहिला. खाल्ली नाही. थोड्या वेळाने उठला, पायात चपला घातल्या आणि पत्र्याच्या खोलीकडे गेला.

कमलीबाई भांडी पोत्यात भरत होती. उखा भिंतीला टेकून बसला होता. नथ्थूला बघून तो उठायला लागला. "मिस्तरीभाऊ, मी येस शेठकडे. सांगस, मना हातना जोड शे."

"बठ, बाबा," गोवाल म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण उखा बसला. मग गोवाल बाहेर आला, नथ्थूला घेऊन पाण्याच्या टाकीपाशी.

"म्हताराले पोलीसमा बठाडू का आते? माले सुरतले काम भेटी जाई. त्याले कोठे भेटी?" तो थांबला. "पन एक ईचार करा, मिस्तरी. त्या तीन नंबर तपासतीन. तीन नंबर म्हनजे बराचसा मनाच. बाबाना जोड एकवर शेतस, दोनवर शेतस, चारवर शेतस. त्या कोन तपासी?"

नथ्थूच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. गोवाल जातो की राहतो, आपण राहतो की जातो, एवढ्यातच त्याचा हिशेब फिरत होता. आता त्याला बावीस ट्रॉल्या दिसल्या, कुठकुठल्या चढांवर, आणि प्रत्येकीच्या मागे चालणारी माणसं. आपण रोज मोजून लिहिलेले नंबर तिथे काही कामाचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ललितला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. गुडघे दुखत असूनही बसला नाही.

"ललितभाई, नंबर बरोबर नाहीत."

"कुठले?"

"सगळेच. पोरं एकमेकांचे मारत होती. मला माहीत होतं."

ललितने टेबलावरचे कागद सारखे केले. मग हळू बोलला, आणि त्याचं हळू बोलणं नथ्थूला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"काका, हे मी ऐकलं तर मला आज बावीसच्या बावीस परत आणाव्या लागतील. हंगाम चालू आहे. कारखाना मला दारात उभं करणार नाही. बँकेचा हप्ता दहा तारखेला आहे. आणि पोलीस विचारतील, नंबर रोज मोजले कोणी? हजेरी लावली कोणी?"

"मी."

"दांडी त्या दिवशी कोणाच्या सांगण्यावरून मारली?"

नथ्थूने दाराची कडी धरली.

"माझ्याच," ललित म्हणाला. "मग आता सांगा, मी काय ऐकलं?"

वडलांच्या काळातली भिंत असती, तर नथ्थूने तिच्यावर खडूने सगळं लिहिलं असतं आणि पाऊस येईस्तोवर ते राहिलं असतं. इथे काच होती.

"काही नाही, शेठ," तो म्हणाला. मग दारातून वळला. "तीन नंबर तपासायला मीच जातो. सोबत ग्राइंडर मारायला एक माणूस नेईन. माझ्या पसंतीचा."

ललितने वर बघितलं. त्याला कळलं. "माणसाचं नाव मला सांगू नका," तो म्हणाला.

सहा दिवस लागले. कारखान्याच्या आवारात ट्रॉल्या रिकाम्या व्हायच्या तशा ते दोघे एकेकीखाली शिरायचे. गोवालने डोक्याला रुमाल गुंडाळला होता, कुणी ओळखेल म्हणून. नंबराकडे तो बघतच नव्हता. टाक्यावरून अंगठा फिरवायचा, जसं शाळेतला मास्तर अक्षर बघून सांगतो की हे कुणाचं. "हाऊ खात्याना. हाऊ मना. हाऊ पवनना, त्या दिन त्याले ताप व्हता." आणि मधूनच, नाव न घेता, खडूने एक फुली. फुली पडली की नथ्थू ग्राइंडर लावायचा. बहुतेक ठिकाणी वरचा देखणा थर निघाला की आत कड तशीच कोरडी. मग गोवाल पुन्हा जोडायचा, सावकाश, जुन्या मशीनने, रॉडने.

पहिला जोड झाल्यावर त्याने विचारलं, "नंबर कोनता मारू?" त्याचा पंच तर जमा झाला होता.

"जो शे तोच ऱ्हाऊ दे," नथ्थू म्हणाला.

बारा नंबरची ट्रॉली मात्र आवारात येतच नव्हती. खापरकडच्या शेतांतून ऊस आणत होती. सहाव्या दिवशी ती गेटबाहेरच्या रांगेत सापडली, भरलेली, पुढे सत्तर वाहनं. दांडीपाशी, ठोकलेल्या दोन नंबराशेजारी, डावीकडे वळलेली शेपटी. दांडीला म्हातारा कधी बसला होता, ते दोघांपैकी कुणालाच आठवेना. ड्रायव्हर खाली उतरायला तयार नव्हता.

"भरेल गाडीले काय करनार तुम्ही? खाली करी तं मना नंबर जाई."

"खाली करू नको," गोवाल म्हणाला. "फक्त गाडी हालाडू नको."

दोन जॅक लावले, चाकांमागे दगड रचले. वर दहा टन ऊस. गोवाल पाठीवर झोपून आत सरकला. नथ्थू शेजारी झोपला, प्रकाश धरून. गरज नव्हती, प्रकाश बाहेरूनही धरता आला असता. तासभर ठिणग्या दोघांच्या गळ्याशी पडत राहिल्या. वर उसातून रस ठिबकत होता. रांग दोनदा पुढे सरकली, मागच्यांनी शिव्या घातल्या, ड्रायव्हरने त्या आपल्या अंगावर घेतल्या आणि गाडी हलवली नाही. कशासाठी ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तरी नाही हलवली.

बाहेर आल्यावर नथ्थूला उठता येईना. या वेळी आजूबाजूला बघायचंही त्याला सुचलं नाही. गोवालने त्याला काखेत हात घालून उभं केलं.

"बठ्ठा चौदा," गोवाल म्हणाला. "आते नही."

"खरं?"

"बाबाना हात माले मना हातपेक्षा जास्ती वळखू येस."

नथ्थूने खिशातून सहा दिवसांची मजुरी काढली. सातशेने, चार हजार दोनशे. हे पैसे वर्कशॉपचे नव्हते. गोवालने मोजून घेतले, शंभराची एक फाटकी नोट परत देऊन दुसरी मागितली, आणि शहाद्याच्या गाडीत बसला.

अहवाल नथ्थूने लिहिला: तीन नंबरचे दोन हजार एकशे बावन्न जोड तपासले, दोष आढळला नाही, दांडीचा प्रकार एकट्या सात नंबरपुरता. कारखान्याने तो मंजूर केला. धीरजने फाईलला फोटो जोडले.

आता कुणाला किती पडलं, तेही मांडून ठेवतो. ललित पाटलाने बावीस ट्रॉल्यांवर दोन टक्के सूट दिली आणि पुढच्या वर्षी साठ ट्रॉल्यांची ऑर्डर घेतली. धीरजच्या फीमधून काही कापलं गेलं नाही. खात्या आणि पवन राहिले. कमलीबाईची चूल गेली तेव्हापासून डबा मागवतात, आणि आपापला नंबर आपापल्या जोडावर मारतात. चार नंबरचा पंच एका नव्या माणसाला दिला आहे. उखा पाड्यावर परत गेला. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी साठवलेल्या पैशांतून त्याने अक्कलकुव्याला कुणाला काय दिलं, ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. गोवालने अठरा दिवसांचा पगार भरला आणि बारा वर्षांची जागा. सुरतच्या बाजूला एका शेडमध्ये आहे. मागच्या कामाची चिठ्ठी नाही म्हणून सध्या हेल्परच्या रोजावर. नथ्थू मिस्तरीने चार हजार दोनशे रुपये भरले. गजराबाईने डावा पाय.